अळंबी कडू लागली तर

लखनौहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की विमानतळानंतर सरोजिनीनगर येतं. रस्त्याला लागून कारखाने, गोदामं आणि नव्या वसाहती. त्यांच्या मागे अजून तग धरून असलेली शेतं, ऊसर जमिनीचे पांढुरके पट्टे, आंब्याच्या बागांचे उरलेसुरले तुकडे. जुलैत दोन सरी पडून वर चार दिवस उकाडा राहिला की कुंपणाच्या कडेला, कुजत्या पेंढ्यावर, तोडलेल्या आंब्याच्या बुंध्यावर अळंबी वर येते. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी माणसाचा पाय तिथे अडखळतोच. भंडारा-गोंदियाकडच्याला सात्या आठवतात, गोव्याच्या माणसाला रोयणीवरची अळमी आठवते. मग घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जरा चाखून बघा. कडू लागली तर विषारी, नाहीतर बिनधास्त शिजवा.’

हा सल्ला माणसाला दवाखान्यात पोहोचवू शकतो. अळंबीतला कडूपणा आणि अळंबीतलं विष ही बहुतेक वेळा दोन वेगळी रसायनं असतात. कधी दोन्ही एकत्र सापडतात, कधी नुसता कडूपणा असतो. सगळ्यात घातक अळंबीत विष भरपूर असतं आणि कडूपणाचा मागमूस नसतो.

या सल्ल्याचं मूळ बहुधा भाजीच्या टोपलीत आहे. दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गीय भाज्यांच्या बाबतीत तो अगदी खरा आहे. त्यांचा कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या संयुगांमुळे येतो आणि तीच संयुगं आतड्याला इजा करतात. पिढ्यान्‌पिढ्या गोडी फळं निवडून माणसाने या भाज्यांतून कुकरबिटासिन जवळजवळ काढून टाकलं. त्यामुळे एखादा दुधी कडू निघाला तर त्यात विष परतलं असंच समजायचं. कडू दुधीचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडल्याच्या, काही दगावल्याच्या घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला सरळ होता: रस कडू लागला तर टाकून द्या, पिऊन मळमळ, उलटी, जुलाब झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठा, कारण यावर उतारा म्हणावा असं औषध नाही. लखनौत सकाळी लौकीचा रस पिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी एवढं लक्षात ठेवलंच पाहिजे. रस काढण्याआधी दुधीची चकती जिभेला लावून बघावी.

पण दुधीचा नियम अळंबीला लावता येत नाही. रानातल्या अळंबीची चव माणसाने निवडून घडवलेली नाही. ती कडू का होते याची उत्तरं जातीगणिक बदलतात.

सरोजिनीनगर, काकोरी, मलिहाबाद या आंब्याच्या पट्ट्यात जुन्या झाडाच्या बुंध्याशी सहज भेटणारी एक जात घेऊ. गॅनोडर्मा. चीन-जपानमध्ये तिच्या भाईबंदांना लिंगझी आणि रेशी म्हणतात. तिला छत्रीचा आकार नसतो. बुंध्यातून अर्धवट बाहेर आलेला लाकडी पंखा दिसतो. वरून तांबूस-तपकिरी, वॉर्निश मारल्यासारखी चकाकणारी पाठ, वाढत्या कडेला पांढरी-पिवळी किनार. खालच्या बाजूला पडदे नसून टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं असतात. तिथे नखाने ओरखडा काढला की पांढऱ्याची तपकिरी रेघ होते. जुन्या पंख्याच्या पाठीवर आणि आसपासच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखा थर बसलेला दिसतो, ते तिचे बीजाणू. तोडायला गेलं तर बुचासारखी चिवट. ही भाजी करून खाण्याची वस्तू नव्हे, पण कडूपणाचं रसायन समजून घ्यायला हिच्याइतका चांगला नमुना नाही.

बहुतेक बुरशींना पेशीचं आवरण बांधायला एर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवण्याच्या वाटेवर लॅनोस्टेरॉल नावाचा एक टप्पा येतो. बुरशीच्या कारखान्यातला हा कच्चा माल म्हणा. गॅनोडर्मा त्यातला काही भाग आडवाटेला वळवते, त्याच्या सांगाड्यावर जागोजागी ऑक्सिजन चढवते, आणि त्यातून ट्रायटर्पीन गटातली आम्लं तयार होतात. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये त्यातल्या दोन कडू आम्लांची रचना प्रसिद्ध केली, गॅनोडेरिक आम्ल अ आणि ब. पुढे या कुळातली शंभराहून जास्त संयुगं सापडली. गंमत म्हणजे त्यातली सगळी कडू नाहीत. सांगाडा तोच, एखादा ऑक्सिजन इकडचा तिकडे झाला की एक आम्ल जहाल कडू लागतं आणि दुसऱ्याचा जिभेला पत्ताही लागत नाही.

याचं कारण जिभेच्या रचनेत आहे. गोड चव ओळखायला आपल्याकडे मोजकी यंत्रणा आहे, पण कडूसाठी पंचवीसच्या आसपास वेगवेगळे ग्राहक आहेत. प्रत्येकाचा साचा निराळा. रेणू साच्यात बसला तरच मेंदूला ‘कडू’ असा निरोप जातो. रेणू विषारी आहे का, हे साच्याला कळत नाही. निसर्गातली बरीच विषं कडू असल्यामुळे ही यंत्रणा एकंदरीत उपयोगी ठरली, पण पुष्कळ निरुपद्रवी रेणूही तिच्यात अडकतात आणि काही भयंकर विषं अलगद निसटतात.

निरुपद्रवी रेणूचं ताजं उदाहरण जर्मनीतलं आहे. तिथल्या सूचिपर्णी लाकडावर वाढणारी अमॅरोपोस्टिया स्टिप्टिका ही पांढरी बुरशी विषारी नाही, पण इतकी कडू की तिला कुणी खाद्य म्हणत नाही. म्युनिक आणि हाले इथल्या संशोधकांनी २०२५ मध्ये तिच्यातली तीन नवी कडू संयुगं वेगळी केली. त्यातल्या ऑलिगोपोरिन डी या संयुगाचा एक ग्रॅम पाण्याच्या तीन टँकरांत विरघळवला, तरी प्रयोगशाळेतल्या मानवी कडू-ग्राहकाला तो जाणवतो. आजवर सापडलेल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी हा एक. कडूपणाचा असा उच्चांक आणि तोही बिनविषारी अळंबीत!

आता दुसरं टोक. अमानिटा फॅलॉइड्स, इंग्रजीत जिला डेथ कॅप म्हणतात ती, आणि तिच्या काही पांढऱ्या बहिणी. यांच्यात अमाटॉक्सिन असतं. हे विष यकृताच्या पेशीत शिरून जनुकांवरून प्रथिनांचा आराखडा उतरवणारं मुख्य यंत्रच बंद पाडतं. नवी प्रथिनं बनत नाहीत आणि पेशी मरू लागतात. ही अळंबी खाऊन वाचलेल्या लोकांनी तिची चव छान होती असं डॉक्टरांना सांगितल्याच्या नोंदी आहेत. अमाटॉक्सिन उकळून, तळून, वाळवून किंवा गोठवून नष्ट होत नाही. मोठ्या माणसाचा जीव घ्यायला एक टोपी पुरते. २०२२ च्या एप्रिलमध्ये वरच्या आसामात रानटी अळंबी खाऊन तेरा माणसं गेली. त्यातली बरीच चहामळ्यांवरच्या कुटुंबांतली होती. त्यांनी चवीने खाल्लेलं ते जेवण होतं.

या दोन टोकांच्या मधे घोटाळ्याच्या जाती आहेत. हायफोलोमा फॅसिक्युलेअर ही गंधकासारख्या पिवळ्या रंगाची, कुजक्या लाकडावर झुबक्याने येणारी अळंबी थंड प्रदेशातली. ती कच्ची असताना कडू लागते, शिजवल्यावर तो कडूपणा कमी होतो किंवा जातो, विष मात्र राहतं. आपल्याकडे कारलं मिठात चोळून ठेवतात, मेथी धुवून पिळतात. कडूपणा निघाला की पदार्थ सुधारला ही आपली स्वयंपाकघरातली समजूत. ती अळंबीला लावली तर नेमका उलटा परिणाम होतो: धोक्याची घंटा बंद होते, धोका पातेल्यातच राहतो. युरोपातल्या टायलोपिलस फेलियस या बोलेटस वर्गातल्या कडू अळंबीची कथा वेगळी. ती विषारी मानत नाहीत, पण तिचा एक तुकडा पातेल्यात गेला तर सगळी भाजी फेकावी लागते, आणि शिजवल्याने ती आणखी कडू वाटते. आणि ल्युकोपॅक्सिलस जेन्शियानियस या अळंबीत तर चक्क दुधीतलंच कुकरबिटासिन-ब सापडलं आहे. वेल आणि बुरशी यांचं नातं किती लांबचं, पण रेणू तोच.

काही लोक कडू आणि तिखट यात गल्लत करतात. मोडल्यावर दुधासारखा चीक गाळणाऱ्या लॅक्टेरियस आणि ठिसूळ रुसुला या गटांतल्या काही जाती जिभेला चटका देतात. हे तिखट द्रव्य आधी अळंबीत तयार नसतं. पेशी फुटली की बिनचवीच्या एका पूर्वसंयुगापासून काही क्षणांत ते बनतं. अळंबीला कुरतडणाऱ्या जिवाला ही त्या क्षणी दिलेली चपराक. बुरशीतज्ज्ञ या जाती ओळखताना तुकडा चावून थुंकून देतात, ती पद्धत खरी आहे. पण आधी गट नक्की ओळखल्यावर, आणि फक्त त्याच गटासाठी. ‘तज्ज्ञही चाखून बघतात’ एवढंच ऐकून कुंपणाकडच्या अनोळखी अळंबीला दात लावू नका.

चवीवर भरवसा न ठेवण्याचं आणखी एक कारण घरातच आहे. कडू-ग्राहकांची जनुकं माणसागणिक वेगळी असतात. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला काहीच लागलं नाही. तेव्हापासून हा फरक शास्त्राला ठाऊक आहे. एकाच ताटातली अळंबीची भाजी सुनेला कडू लागेल आणि सासऱ्यांना ‘कुठे कडू आहे? उगीच नखरे’ असं वाटेल. दोघंही खरं बोलत असतात. घरासाठी नियम असा ठेवा: एकाने कडू म्हटलं की सगळ्यांनी हात आखडायचा. मुलांचं म्हणणं तर आधी ऐका.

मग इथे काय खावं? लखनौच्या बाजारात बटण आणि ढिंगरी बारा महिने मिळतात. ढिंगरी तर घरी भुशावर करता येते, आणि काकोरीजवळ रहमानखेड्याला असलेली केंद्रीय उपोष्ण फलोद्यान संस्था शेतकऱ्यांना अळंबी लागवडीचं प्रशिक्षण देते. पावसाळ्यात ‘कटरुआ’ येतो: पिलीभीत, लखीमपूर खिरीकडच्या सालवनांत जमिनीखालून उकरून काढलेले मातकट गोळे. भाव मटणाच्या वर जातो तरी शौकीन सोडत नाहीत. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात शिरून तो काढणं गुन्हा आहे, हे घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावं. असे गोळे घेतले तर घरी प्रत्येक गोळा उभा चिरा. आत सगळीकडे एकसारखा पांढरा गर असेल तर ठीक. काळपट-जांभळा असेल तर तो एक तर जून झाला आहे किंवा जाड सालीची विषारी स्क्लेरोडर्मा त्यात मिसळली आहे. आणि चिरल्यावर आत छोट्या छत्रीची रेखाकृती दिसली, दांडा, टोपी, पडदे, तर ती अमानिटाची न उमललेली कळी असू शकते. सगळा ढीगच टाकून द्या. ही चिरून बघण्याची सवय चाखून बघण्याच्या शंभरपट उपयोगी.

वारुळावरची अळंबी इथेही येते, ‘धरती का फूल’ म्हणून विकतात. ती वाळवीने सांभाळलेल्या बुरशीची फळं. वाळवीशिवाय ती होत नाही, तसंच सालाच्या मुळांशिवाय कटरुआ होत नाही. हिंदी कवी निराला यांच्या ‘कुकुरमुत्ता’ (अळंबी) या कवितेतल्या नवाबाला, ती लावून उगवत नाही, हे माळ्याकडून ऐकावं लागलं होतं. तेव्हा ‘आमच्या फार्मवरचा धरती का फूल’ असं कुणी सांगितलं तर पिशवीत दुसरंच काही असणार.

कुंपणाआतल्या हिरवळीवर पावसानंतर ताटलीएवढी पांढरी टोपी, वर तपकिरी खवले, दांड्याला अंगठी असं रुबाबदार काही उगवलं तर ती बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. कडू अजिबात नाही. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी आडवं करते. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाडगं झाका. सकाळी कागदावर हिरवट ठसा उमटला की ओळख पटली. पेंढ्यावरच्या खाद्य अळंबीचा ठसा गुलाबी येतो, अमानिटाचा पांढरा. त्या दोघींच्याही बुडाशी पिशवी असते आणि कोवळेपणी दोघी अंड्यासारख्या दिसतात. देश सोडून गेलेल्या आशियाई माणसांनी परदेशात घराच्या आठवणीने अमानिटा खाल्ली ती याच साम्यामुळे. कॅनबेरात किंवा कॅलिफोर्नियात राहणारे मराठी वाचक ओकच्या झाडाखालून काहीही उचलणार नाहीत तर बरं. ठसा जुळला म्हणून मात्र खाऊ नये. ठशाने नकार देता येतो, होकार नाही.

शाईसारखी विरघळणारी कोप्रिनॉप्सिस ही आणखी एक फसवी: चवीला चांगली, पोटालाही बरी, पण पुढच्या दोन-तीन दिवसांत दारू घेतली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. तिच्यातलं कोप्रीन मद्याचं पचन मधेच अडवतं.

विकतची बटण अळंबी कडसर लागली तर घाबरण्याचं कारण सहसा नसतं. आधी लसूण करपला होता का, कसुरी मेथी जास्त झाली का, ते बघा. तसं काही नसेल आणि अळंबीला बुळबुळीतपणा किंवा अमोनियासारखा वास असेल तर ती शिळी आहे. ताज्या अळंबीची चव ग्लुटामेट आणि न्यूक्लिओटाइड यांच्या जोडीने गोडसर-रसदार असते. ती गेली की अळंबी उरली नाही. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ती घामेजते, कागदी पिशवीत टिकते.

रेशीची भुकटी, कॅप्सूल, कॉफी यांचा सध्या बराच बोलबाला आहे. गॅनोडर्माचा खरा अर्क कडू असलाच पाहिजे. ‘आमची रेशी कडू नाही’ ही जाहिरात असेल तर त्यात ट्रायटर्पीन किती आणि धान्याचं पीठ किती, हा प्रश्न विचारा. पण कडू आहे म्हणून औषधी आहे असंही नाही. कडू म्हणजे गुणकारी ही आपल्याकडची दुसरी अंधश्रद्धा. गॅनोडर्माची भुकटी घेणाऱ्यांना यकृताची इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. बुंध्यावरची गॅनोडर्मा तोडून घरी काढा उकळणं तर नकोच. भारतात या कुळातल्या दिसायला सारख्या अनेक जाती आहेत आणि त्या ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. कोकणात फणसाच्या खोडावरचा फणसांबा सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावतात. ते ठरावीक झाडावरचं, ठरावीक माणसांनी ओळखलेलं औषध. त्या भरवशावर लखनौच्या आंब्यावरची बुरशी उगाळू नका.

आणि रानटी अळंबी खाल्ल्यावर कुणाला त्रास झालाच, तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घड्याळ. जेवणानंतर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुतेकदा पोटापुरता त्रास असतो, तरी डॉक्टर लागतोच. सहा तासांनंतर, रात्री जेवून पहाटे, उलट्या-जुलाब लागले तर अमाटॉक्सिनचा संशय धरून तडक मोठं रुग्णालय गाठा. या विषात दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरं वाटू लागतं, घरचे त्याला परत नेतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होतं. बरं वाटलं तरी यकृताच्या तपासण्या होईपर्यंत रुग्णालय सोडू नका. एकाच भाजीत दोन जाती असू शकतात. म्हणून लवकर त्रास झाला याचा अर्थ उशिराचा धोका टळला असा होत नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा, ताक किंवा तूप पाजण्याचा वेळ वाया घालवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, तो तुमच्या डॉक्टरांनाही द्या. सरोजिनीनगरातच घेरूला भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेचा परिसर आहे, पण ती संशोधन संस्था आहे, रुग्ण घेऊन तिच्या फाटकाशी जाण्यात अर्थ नाही. लखनौत संजय गांधी पदव्युत्तर संस्था आणि किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ ही दोन मोठी रुग्णालयं आहेत.

निघताना उरलेली भाजी डब्यात घ्या. न शिजवलेला तुकडा, असेल तर मुळाशी असलेल्या पिशवीसकट, कागदात गुंडाळून घ्या. निवडताना फेकलेले देठ कचऱ्याच्या डब्यातून काढलेत तरी चालतील. कागदावर तीन गोष्टी लिहा: कुणी-कुणी खाल्ली, किती वाजता, आणि अळंबी कुठे उगवली होती. ज्यांनी खाल्ली पण अजून काही झालेलं नाही, त्यांनाही सोबत न्या.